तिघं गेली, पथक राहिलं

(आपल्या सामुदायिक रेडिओच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी भांडी आवरून बसली असाल, कुणी निंदणी करता करता बांधावर मोबाइल ठेवून ऐकत असाल. आज मी तुम्हाला वाजंत्र्यांची गोष्ट सांगणार आहे. वाजंत्री आपल्याकडचे नाहीत, लंडनचे आहेत. त्यांच्या पथकाचं नाव आहे ‘ओय वा वोय’. हे नाव ऐकून हसू नका. आपण कसं, दूध उतू गेलं की ‘अगंबाई!’ म्हणतो, तसा हा ज्यू बायाबापड्यांच्या तोंडचा उद्गार आहे. आपल्या पथकाला कुणी ‘अगंबाई मंडळ’ असं नाव ठेवलं तर कसं वाटेल, तसंच हे. मला ते नाव फार आवडलं. ज्यांनी स्वतःला असं नाव ठेवलं, ती माणसं रडकी नसणार, एवढं तर कळतंच.

या पथकाने २००३ साली एक अल्बम काढला, म्हणजे गाण्यांचा एक संच. तो गाजला. मग पुढचा अल्बम यायच्या आत पथकातली तीन मोठी माणसं निघून गेली. गाणारी गेली, व्हायोलिन वाजवणारी गेली, ट्रम्पेट वाजवणाराही गेला. उरलेल्यांनी २००७ साली दुसरा अल्बम काढला. आजचा विषय तो दुसरा अल्बम.

पण आधी हे संगीत कोणतं, ते सांगते. त्याला क्लेझमर म्हणतात. पूर्व युरोपात, म्हणजे पोलंड, युक्रेन, रुमानिया या बाजूला ज्यू लोकांची गावंच्या गावं होती. त्यांची बोली यिडिश. त्यांच्या लग्नात वाजवणारे जे होते ते क्लेझमर. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘गाण्याची भांडी’ असा, म्हणजे वाद्यं. आधी वाद्यांना क्लेझमर म्हणत, मग वाजवणाऱ्यांना म्हणू लागले, आणि आता त्या संगीतालाच म्हणतात. धंदा वडिलांकडून मुलाकडे जायचा. लग्नात त्यांच्यावाचून पान हलायचं नाही, पण एरवी समाजात मान बेताचाच. वाजंत्र्याला मुलगी द्यायची म्हटलं की लोक तोंड वाकडं करायचे. हे आपल्याला काही नवीन नाही.

त्यांच्या लग्नातला एक विधी ऐका. लग्न लागण्याआधी नवरीला मध्ये खुर्चीवर बसवायचे आणि भोवती सगळ्या बाया. मग एक माणूस उभा राहून यमक जुळवत बोलायला लागायचा. आता तुझं बालपण संपलं, आईचं घर सुटलं, आता तुझ्या माथ्यावर संसार आला. नवरीचे आईवडील वारलेले असले तर त्यांचीही आठवण काढायचा. सोबतीला व्हायोलिन. ते व्हायोलिन अक्षरशः हुंदके द्यायचं. वाजवता वाजवता सूर मध्येच तोडायचा, जसा रडताना श्वास अडकतो तसा. त्याला यिडिशमध्ये नावच आहे, ‘क्रेख्त्स’, म्हणजे कण्हणं. सगळ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या, आणि नवरी पुरती रडली की मगच लग्नाकडे वळायचं. पुढे मात्र असा धांगडधिंगा, असा नाच, की आधीचं रडणं कुणाला आठवायचंही नाही. त्या नाचात एक नाच रुसव्याचा होता. दोन विहिणी आधी भांडल्यासारखं करत नाचायच्या, पाठ फिरवायच्या, आणि शेवटी गळ्यात पडायच्या. इंग्रजीत विहिणीला धड शब्दसुद्धा नाही. यिडिशमध्ये आहे, ‘मेखुतेनेस्ते’. विहीण हे प्रकरण काय असतं, ते त्यांनाही आपल्याइतकंच ठाऊक होतं.

तुमच्यापैकी ज्या पेटी वाजवतात त्यांच्यासाठी एक सांगते. क्लेझमरची एक लाडकी स्वरपंक्ती आहे. तिच्यात रे, ध, नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे खालचा भाग भैरवाचा, वरचा भैरवीचा. आपल्याकडे बसंत मुखारी रागाला हेच स्वर लागतात. रात्री पेटी काढाल तेव्हा हे स्वर सावकाश वर-खाली दाबून बघा. दोनदा केलंत की तुम्हाला वाटेल, हे आपण कुठेतरी ऐकलंय.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आपल्या रायगडाकडचे बेने इस्राएल लोक, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, ते ज्यूच. पण क्लेझमर हे त्यांचं संगीत नाही. ते मराठी बोलणारे, नावापुढे ‘कर’ लावणारे, पेणकर, दिवेकर. त्यांनी मराठीत कीर्तनं केली, त्यात बायबलमधल्या जुन्या कथा सांगितल्या. धर्म एक असला तरी गाणं ज्या मातीत राहावं त्या मातीचं होतं.

तर हे क्लेझमरवाले. १८८० च्या पुढे गरिबी आणि दंगली यांना कंटाळून वीस लाखांहून जास्त ज्यू पूर्व युरोप सोडून अमेरिकेला गेले. त्यांच्याबरोबर काही वाजंत्रीही गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या. तोवर व्हायोलिनच्या पुढे क्लॅरिनेट आलं होतं. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असतं ना ते काळं, लांब, चंदेरी किल्ल्यांचं, तेच. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये नाफ्तुले ब्रांडवाइन नावाचा एक मोठा क्लॅरिनेटवाला होता. त्याच्याबद्दल सांगतात की तो लोकांकडे पाठ करून वाजवायचा, कारण दुसऱ्यांनी त्याची बोटं बघून नक्कल करू नये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जे युरोपात मागे राहिले त्यांचं काय झालं ते तुम्ही शाळेत ऐकलं असेल. हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांत हे वाजवणारे होते, ज्यांच्या लग्नात वाजवायचं ते होते, आणि त्या नवरीभोवती बसून रडणाऱ्या बायाही होत्या. गावंच उरली नाहीत तर वरात कुणाची निघणार? अमेरिकेतल्या पोरांना आजोबांचं ते संगीत जुनाट वाटायला लागलं. म्हातारे थकले. १९७० च्या सुमारास अशी गत झाली होती की क्लेझमर शिकायचं तर गुरू मिळेना. मग काही तरुणांनी त्या जुन्या तबकड्या शोधल्या, धूळ झाडली, आणि पुन्हा पुन्हा ऐकून एकेक हुंदका उचलला. जे दोन-चार म्हातारे हयात होते त्यांच्या घरी जाऊन बसले. १९८५ पासून तर अमेरिकेत त्याचं वार्षिक शिबिरच सुरू झालं, क्लेझकॅम्प. ते जवळजवळ तीस वर्षं चाललं. कडाक्याच्या थंडीत लोक लेकरंबाळं घेऊन यायचे, सगळे मिळून वाजवायला, नाचायला, यिडिश बोलायला शिकायचे. तिथे पाठ फिरवून वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. आणि पूर्वी जो धंदा जवळजवळ पुरुषांचाच होता, त्यात या नव्या पिढीत बायाही शिरल्या, तेही अगदी पुढच्या रांगेत.

आता लंडनकडे येऊ. ओय वा वोय हे पथक २००० च्या आसपास जमलं. सगळी तरुण मंडळी. त्यांनी क्लेझमर जसंच्या तसं वाजवलं नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी शिवावी, आणि तिला शेजारच्या पोराच्या फाटक्या जीन्सचंही ठिगळ लावावं, तसं त्यांचं काम. खाली लंडनच्या नाचघरातला ठोका, वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिनचं रडणं. याला फ्युजन म्हणतात. त्यांचा गाजलेला पहिला अल्बम होता ‘लाफ्टर थ्रू टिअर्स’, म्हणजे आसवांतून हसू. यिडिश साहित्याबद्दल बोलताना ही उक्ती नेहमी येते. त्यात निर्वासितांवर एक गाणं आहे, ज्यूंच्या लग्नात म्हणतात त्या आशीर्वादाचे शब्द एका गाण्यात आहेत, एक हंगेरीचं लोकगीत आहे, आणि स्पेनमधून पाचशे वर्षांपूर्वी हाकलले गेलेले ज्यू जी भाषा बोलत राहिले त्या लॅदिनो भाषेतलंही एक गाणं आहे.

हा अल्बम कुणी काढला, हे ऐकून मला गंमत वाटली. आउटकास्ट नावाच्या कंपनीने. ही कंपनी मुळात ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या पोरांच्या संगीतासाठी निघालेली. नितीन सॉनी हा ब्रिटनचा मोठा संगीतकार, त्याचा १९९९ चा ‘बियाँड स्किन’ हा अल्बम याच कंपनीचा. म्हणजे तबल्याला आणि सतारीला लंडनच्या ठोक्यावर बसवणाऱ्यांच्या अंगणात ही ज्यू पोरं खेळायला आली. तसं बघितलं तर दोघांचंही दुखणं एकच होतं. आईवडिलांचं गाव मागे राहिलेलं, आणि आपण धड इथले की धड तिथले, हा प्रश्न.

या अल्बममध्ये गाणारी जी मुख्य बाई होती ती ज्यू नव्हती. केटी टन्स्टल तिचं नाव, स्कॉटलंडची. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तिला दत्तक दिलं, ती सेंट अँड्र्यूज नावाच्या लहान शहरात वाढली. पथकात ती तशी पाहुणीच, पण तिचा आवाज असा लागला की लोकांनी पथक आणि तो आवाज एकच धरला. त्या निर्वासिताच्या गाण्यात ती आहे. व्हायोलिनवर होती सोफी सॉलोमन. तिचं वाजवणं ऐकलं की मघाशी सांगितलेला तो हुंदका म्हणजे काय, हे न सांगता कळतं. आणि ट्रम्पेटवर लेमेझ लोव्हास, तो गायचाही.

मग काय झालं? २००४ च्या ऑक्टोबरात केटीला एका टीव्ही कार्यक्रमाचं अचानक बोलावणं आलं. ज्याचं गाणं ठरलं होतं तो अमेरिकन गायक आयत्या वेळी आला नाही. जेमतेम एका दिवसाच्या तयारीवर ही गेली, एकटीच. सोबत एक गिटार आणि पायाखाली एक पेडल. त्या पेडलची करामत अशी की तुम्ही आधी गिटारवर थाप मारा, ती ते यंत्र धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवतं. त्यावर दुसरी थाप मारा, मग आपलाच आवाज कोरससारखा चढवा, आणि मग त्या सगळ्यावर गा. एक बाई आणि तिच्या मागे तीच, तीच, तीच. सगळ्या ब्रिटनने ते पाहिलं. तिचा स्वतःचा अल्बम खपाला लागला, २००६ साली ब्रिटनची सर्वोत्तम गायिका म्हणून ब्रिट पुरस्कार मिळाला, हॉलिवूडच्या सिनेमात गाणं गेलं. आता ती कशाला परत येते?

सोफीनेही आपला अल्बम काढला, २००६ साली. तिची वाट आधीपासूनच रुंद होत चालली होती. कॅनडाच्या एका कलाकाराबरोबर तिने ‘हिपहॉप-खासेने’ नावाचं एक रेकॉर्डिंग केलं होतं. खासेने म्हणजे लग्न. जुन्या ज्यू लग्नाचे विधी ओळीने, पण हिपहॉपच्या चालीत. आणि लेमेझही गेला. आत काय झालं, कोण कुणाला काय बोललं, यात आपल्याला शिरायचं नाही. एकत्र काम करणारी माणसं वेगळी होतात. कधी भांडून होतात, कधी नुसतीच होतात. प्रत्येक वेळी कारण शोधत बसलं तर आपण कामं कधी करणार?

उरले चार. क्लॅरिनेट वाजवणारा आणि गाणारा स्टीव्ह लीवाय, गिटारवाला निक अमार, ड्रमवाला जॉश ब्रेस्लॉ, आणि बेस गिटारवाला लिओ ब्रायंट.

मैत्रिणींनो, हा विषय मी का निवडला ते आता सांगते. मागच्या महिन्यात एका गावच्या महिला भजनी मंडळाचा फोन आला होता. त्यांची मुख्य गाणारी मुलगी लग्न होऊन गेली. पेटीवाल्या ताई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. उरलेल्या अकराजणी म्हणाल्या, “ताई, आता तालुक्याच्या स्पर्धेत कोणत्या तोंडाने जायचं? मंडळ बंद करावं म्हणतो.” हे फक्त भजनी मंडळाचं नाही. बचत गटात हिशेब लिहिणारी एकच असते, बँकेत बोलणारी एकच असते, आणि ती गेली की वही कपाटात जाते. बाईमाणसाचं तर जाणं ठरलेलंच. लग्नाने जाते, बाळंतपणाने जाते, नवऱ्याच्या बदलीने जाते, सासूच्या आजारपणाने घरात अडकते. पुरुषांच्या मंडळापेक्षा आपल्या मंडळाला ही गळती जास्त. म्हणून त्या लंडनच्या चौघांनी काय केलं, ते मला बारकाईने बघावंसं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी नाव सोडलं नाही. नुसतं सोडलं नाही एवढंच नाही, २००७ च्या त्या अल्बमला दुसरं नावच दिलं नाही. अल्बमचं नाव ‘ओय वा वोय’. पथकाचं नाव तेच अल्बमचं नाव. पाश्चात्त्य संगीतात ही रीत पुष्कळदा पहिल्या अल्बमला असते, ओळख करून द्यायची म्हणून. यांनी मोठ्या अल्बमनंतरच्या अल्बमला ती वापरली. मला त्यात असं ऐकू येतं की बाबांनो, आम्ही अजून आहोत आणि आम्ही हेच आहोत. कंपनीही बदलली होती, आता व्ही-टू नावाची कंपनी होती.

दुसरं म्हणजे केटीसारखं गाणारी दुसरी शोधायचा अट्टाहास त्यांनी केला नाही. नवी गायिका आणली, पण तिला जुनी गाणी देऊन ‘तिच्यासारखं म्हण’ असं सांगितलं नाही. गाणीच नवी केली. ही गोष्ट साधी वाटते, पण इथेच पुष्कळ मंडळं बुडतात. आपल्याकडे काय होतं बघा. जुनी गाणारी काळी चारमध्ये गायची. तिच्या जागी आलेलीचा आवाज पांढरी चारमध्ये खुलतो. पण पेटीवर बोट जातं ते काळी चारवरच, कारण आपल्याला सवय. मग ती बिचारी ताणून ताणून गाते, घसा बसतो, आणि सगळ्या म्हणतात, ‘तिची सर हिला नाही.’ कशी येणार? तुम्ही तिला दुसरीची चोळी घातलीत! आधी तिला नुसती गाऊ द्या, कुठे आरामात लागते ते बघा, आणि मग पट्टी धरा.

तिसरं असं की पथकाचा जो खरा गाभा, तो गेलेल्यांकडे नव्हताच, निदान सगळा नव्हता. क्लॅरिनेट अजून तिथेच होतं. ठोका तिथेच होता. २००७ च्या अल्बममधलं ‘युरी’ हे गाणं ऐका, किंवा ‘डिसिडंट’, म्हणजे सत्तेला नाही म्हणणारा, हे ऐका. आवाज नवा आहे, पण क्लॅरिनेट आलं की तुम्ही म्हणाल, हे तेच घर.

आता माझं मत विचाराल तर सांगते. पहिला अल्बम जास्त चांगला आहे. त्यात एक रानटीपणा आहे, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना देशच बदलतो, भाषा बदलते. दुसरा अल्बम जास्त नीटनेटका, इंग्रजी गाण्यांकडे झुकलेला, ऐकायला सोपा. व्हायोलिनचा तो हुंदका मला त्यात कमी वाटतो, आणि ते साहजिक आहे, हुंदका देणारीच गेली. लोकांनीही तुलना केलीच असणार. पण हा मधला, थोडा कमी उंचीचा अल्बम त्यांनी काढला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, त्यांनी ‘ट्रॅव्हलिंग द फेस ऑफ द ग्लोब’ काढला. तिथे ब्रिजेट अमोफा ही गायिका आणि ॲना फीबी ही व्हायोलिनवाली आली, आणि पुन्हा ते देशोदेशी भटकणं आलं. २०१८ मध्ये ‘मेमरी ड्रॉप’ आला, तेव्हा गायिका आणखी वेगळी. गाणाऱ्या बदलत गेल्या आणि पथक चालत राहिलं. आता तर त्या पथकाची रीतच झाली आहे की दर काही वर्षांनी नवी गायिका येणार आणि तिच्या गळ्याप्रमाणे पथक थोडं वळणार.

याच सुमाराला समुद्रापलीकडे, न्यूयॉर्कमध्ये, असंच घडत होतं. तिथल्या पथकाचं नाव ‘द क्लेझमॅटिक्स’. १९८६ पासूनचं, या नव्या क्लेझमरवाल्यांतलं थोरलं घर म्हणा. त्यांचा क्लॅरिनेटवाला डेव्हिड क्राकावर आधीच बाहेर पडला होता. मग अलिशिया स्विगल्स गेली. ही बाई म्हणजे साधी नाही. क्लेझमरमध्ये व्हायोलिन मागे पडून क्लॅरिनेट पुढे आलं होतं, तिने जुन्या तबकड्या ऐकून ऐकून व्हायोलिनला पुन्हा पुढे बसवलं. अशी माणसं गेल्यावर भोक पडतंच. तिच्या जागी आली लिसा गुटकिन. ती आयरिश लोकसंगीतातही मुरलेली. तिने अलिशियाची नक्कल केली नाही, आपलं घेऊन आली.

आणि त्यानंतर या पथकाने जे केलं, ती माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, कारण ती सासू आणि जावयाची आहे.

अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा मोठा लोककवी होऊन गेला. ओक्लाहोमा राज्यातला, शेतकरी-मजुरांची गाणी करणारा, ज्यू नव्हे. १९४० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला समुद्राकाठी राहायचा. बायको मार्जरी, नर्तकी. तिची आई, म्हणजे वुडीची सासूबाई, अलिझा ग्रीनब्लॅट, जवळच राहायच्या, आणि त्या यिडिश कवयित्री होत्या. जावई गाणी करतो, सासूबाई कविता करतात. जाणंयेणं, जेवणंखाणं, आणि मध्ये एकमेकांना आपलं लिहिलेलं ऐकवणं. जावयाने त्या वस्तीत बघितलेल्या ज्यू सणांवर, तिथल्या गल्लीवर, लेकरांवर गाणी लिहिली. पण वुडीला पुढे मेंदूचा एक आनुवंशिक आजार झाला, वर्षानुवर्षं दवाखान्यात काढून तो १९६७ मध्ये गेला. मागे हजारो गाण्यांचे नुसते शब्द राहिले. चाली त्याच्या डोक्यात होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या.

त्याची मुलगी नोरा हिने ते कागद सांभाळले. तिला हे क्लेझमॅटिक्सवाले भेटले आणि कळलं की हे तर आपल्या आजीचं गाणं वाजवतात! मग तिने वडिलांचे कागद यांच्यापुढे ठेवले. पथकातल्या माणसांनी शब्द वाटून घेतले आणि चाली बांधल्या. अल्बम २००६ मध्ये आला, ‘वंडर व्हील’, कोनी आयलंडच्या मोठ्या आकाशपाळण्याचं नाव. त्यात लिसाने, त्या मागाहून आलेल्या व्हायोलिनवालीनेही, चाल बांधली. २००७ च्या फेब्रुवारीत त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जुनी मंडळी असताना जे मिळालं नव्हतं ते नव्यांच्या साथीने मिळालं. हे मी जुन्यांना कमी लेखायला सांगत नाही. अलिशियाही पुढे आपल्या वाटेने वाजवत राहिली, आणि चांगलं वाजवत राहिली.

त्या अकराजणींना मी फोनवर जे विचारलं तेच तुम्हाला विचारते. गेलेल्या मुलीला किती अभंगांच्या चाली येत होत्या, आणि त्यातल्या किती दुसऱ्या कुणाला येतात? त्यांनी मोजलं. चाळीसातल्या नऊ. बाकीच्या एकतीस चाली त्या मुलीबरोबर सासरी गेल्या. तिने काही ब्रांडवाइनसारखी पाठ फिरवली नव्हती, पण आपण कुणी बघितलंच नाही तर पाठ फिरवली काय आणि न फिरवली काय. मी म्हटलं, मुलगी परदेशी गेली का? नाही ना, दोन तासांवर आहे. पंचमीला माहेरी येईल तेव्हा चार दुपारी तिला बसवा, मोबाइलवर सगळ्या चाली भरून घ्या, फोनवरून दुसऱ्या फोनवर टाका, म्हणजे एक फोन पाण्यात पडला तरी चाली बुडायच्या नाहीत. आणि वहीत अभंगाशेजारी पट्टी लिहा, ठेका लिहा, कुठे टाळ थांबतात ते लिहा. पेटीसाठी एकीला नाही, दोघींना शिकवा. दोघी रुसल्या तरी एक तर येईल. स्पर्धेला चाळीस अभंग लागत नाहीत, तीन लागतात. या वर्षी येतात त्या नऊंतले तीन घ्या, नव्या बाईच्या पट्टीत बसवा.

त्या म्हणाल्या, “पण नंबर येणार नाही.” मी म्हटलं, बहुतेक नाही येणार. या वर्षी नाही.

वेळ होत आली. आता दोन तुकडे ऐकवते. पहिला २००३ च्या अल्बममधला, केटीचा आवाज आणि सोफीचं व्हायोलिन. दुसरा २००७ चा, ‘युरी’. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. पहिल्यात व्हायोलिन कुठे अडखळतं तिकडे कान द्या, दुसऱ्यात क्लॅरिनेट कधी येतं त्याची वाट बघा. आणि हो, पुढच्या मंगळवारी याच वेळेला ज्या मंडळाला आपल्या नव्या गाणारीचा आवाज रेडिओवर भरून घ्यायचा असेल त्यांनी केंद्रावर यावं. पेटी आमच्याकडे आहे, टाळ मात्र तुमचे आणा.